इंजनवालं तिकीट

माझे सासरे, म्हणजे बाबा, पोस्टाची जुनी तिकिटं जमवतात. नुसती सुटी तिकिटं नाही, खास पाकिटावर लावलेली, ज्याच्यावर त्याच दिवसाचा ठप्पा असतो. चिमट्यानं उचलतात, हात कधीच लावत नाहीत. मी बेटम्यासारख्या लहान गावाहून लग्न होऊन या शहरात आली तेव्हा वाटायचं, कागदाला काय एवढं जपायचं? पण एकेक पाकीट काढून ते त्याची गोष्ट सांगायचे आणि मी आठवीपर्यंत शिकलेली, ऐकतच राहायची.

त्या दिवशी मोठ्या पोस्टात रेल्वेचं खास पाकीट निघणार होतं. ठप्पा फक्त त्याच दिवशी. बाबांकडे वाफेच्या इंजनाचं जुनं तिकीट होतं, कोरं, एकच, अशाच पाकिटासाठी सांभाळलेलं. आणि नेमका त्यांचा गुडघा सुजला.

"सूनबाई, तूच जा. ठप्पा तिकिटाच्या कोपऱ्याला लागला पाहिजे, इंजनावर नाही. आधी रद्दीवर मारून बघायला सांग."

मी तर ऑफिसवाल्यांशी बोलायलाच घाबरते! माझ्या पोराला कडेवर घेतलं, तिकीट त्याच्या चित्रांच्या दोन जाड पुस्तकांच्या मध्ये दाबलं आणि आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यातून रिक्शा केली. रस्ताभर एकच विचार, बिघडलं तर? दुसरं कुठून आणू?

पोस्टात पाकीट विकत घेऊन त्यावर तिकीट चिकटवलं. खिडकीतल्या बाबूनं, इथल्या हिंदीत भियानं, ठप्पा उचलला तसा मी पाकिटावर हात ठेवला आणि तोंडातून निघालंच, "रुको भिया! पहले रद्दी पे!"

मागून कोणी बोललं, "लो, बहूजी ठप्पे की परीक्षा लेंगी!"

सगळे हसले. भिया म्हणाला, "मॅडम, हमारा रोज का काम है. हाथ हटाओ."

पोरगं केस ओढत होतं, पण मी पाकिटावरचा हात काढलाच नाही. शेवटी त्यानं रागारागात रद्दीवर मारला. धप्! नुसता शाईचा काळा गोळा. एक अक्षर वाचता येईना.

हसणं बंद. भियानं फडक्यानं ठप्पा पुसला, परत रद्दीवर मारून बघितला, मग हळूच म्हणाला, "बताओ दीदी, किधर?"

मी कोपरा दाखवला.

घरी बाबांनी भिंग लावलं. तिकिटाचा कोपरान् कोपरा बघितला.

"बघ, इंजनाचा धूरसुद्धा दिसतोय," म्हणाले. मग पोराला मांडीवर घेतलं आणि चिमटा माझ्यासमोर धरला. "आल्बममध्ये तूच ठेव."

मी चिमटा घेतला आणि पाकिटाची कड पकडली.

"हळू," बाबा म्हणाले. "घाई नाही."