ज्युरीतून सुटका

इथे कॅनडात, सस्काटूनच्या कोर्टातून ज्युरीसाठी बोलावणं आलं, तेव्हा सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. कोर्टात जायच्या दिवशी शेजारीण त्यांच्यापाशी बसली, पण रोज कोण बसणार? न्यायाधीशांना मी तसं सांगितलं आणि त्यांनी लगेच मोकळं केलं.

आरोपी विशीतला भारतीय मुलगा होता. ज्युरीसाठी जमलेल्यांत भारतीय मी एकटीच. मागच्या बाकावरची त्याची आई माझ्यामागून बाहेर आली.

“आप भी जा रही हैं, बहनजी?”

“घर में ससुरजी बीमार हैं.”

“हां, फिर तो जाना पडेगा,” ती म्हणाली, पण तिथून हलली नाही.

गाडीच्या काचेवर बर्फ साचला होता. तो खरवडून मी घरी गेले.