मांडवीच्या पुळणीतला वासा

हसाल तर हसा, पण मथुराबाई मास्तरणींना मी पहिल्यांदा चेटकीणच समजले होते. तीस सालची गोष्ट. मांडवीच्या पुळणीत, वाळूत अगदी समुद्राच्या कडेला, बाई लुगडं खोचून एक वासा ठोकत होत्या. वाशाला चुन्याचे पट्टे, वर तांबडं फडकं बांधलेलं. असलं काही दिसल्यावर आम्हा बायकांच्या मनात दुसरं काय येणार? करणी! मी आपली वाट बदलून लांबून घरी आले.

बाई मूळच्या नाटे गावच्या. नवरा लवकर गेला, मग शिकल्या नि आमच्या इथे मुलींना शिकवायला आल्या. घरोघर फिरून, आयांची बोलणी खाऊन पोरी गोळा केल्या. वासाही पोरींसाठीच होता. भरतीचं पाणी कुठवर चढलं ते बघायचं आणि फडकं तिथे सरकवायचं. पण शेजारच्या येसूबाईने विहिरीवर करणीचं नाव काढलं, आणि एकेक आई पोरीला घरी बसवायला लागली. वर्ग ओस पडायची वेळ आली. वासा उपटा म्हणून सगळे सांगत होते. बाई म्हणाल्या, उपटला तर करणीच होती असं ठरेल.

त्यांनी काय केलं, तर अवसेच्या दुपारी सगळ्या आयांनाच पुळणीत बोलावलं. सांगायला लागल्या की चंद्र पाण्याला ओढतो. जमीन कडक, ती जागची फारशी हलत नाही, पाणी सैल, ते चढतं. जगातली प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते म्हणे. पृथ्वीने स्वतःलाच चहूकडून मधोमध ओढून घेतलं, म्हणून ती गोल. चंद्रही तसाच. लाडवासारखा, फक्त वळणारा हात आतच.

"आपणही चंद्राला ओढतो," बाई म्हणाल्या, "अगदी कणभर."

चुलीपुढे बसल्या बसल्या मी चंद्राला ओढते, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

पण गप्प राहणं मला कुठलं जमायला? म्हटलं, "बाई, आज अवस. उधाण तर आलंय, पण चंद्रच नाही. मग ओढतो कोण?"

येसूबाईने लगेच मान डोलावली. बायका घराकडे बघायला लागल्या. आता गेल्या तर पोरी परत यायच्या नाहीत, हे बाईंनाही कळत होतं.

"आनंदीबाई, तुमचे यजमान मुंबईला. दिसत नाहीत म्हणून नाहीत होय? चंद्र आज सूर्याच्याच बाजूला आहे. दोघं मिळून ओढतात, म्हणून तर उधाण."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी म्हटलं, "आमचे हे खुशालीचं पत्र तरी धाडतात. तुमचा चंद्र काय धाडतो?"

बाईंनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. लुगड्याचा काठ भिजला होता.

येसूबाई इतकी हसली, की तिनेच आपल्या लेकीला, चिमाला, फडकं वर सरकवायला पाण्यात पाठवलं.

"लाट आली असेल एखादी," मी म्हटलं.

"लाट परत जाते," बाई म्हणाल्या. "हे पाणी गेलंय का बघा."

बघितलं. घोट्याच्या वर आलं होतं.