आधी माफी

युद्ध संपलं, तह झाला. त्यात कलम आलं, आम्हा डोंगरातल्या किचे माणसांना कोर्टात स्पॅनिशची सक्ती नको, आमच्या किचे बोलीतच बोलू द्यायचं. म्हणून आमच्या मोमोस्तेनांगोत घोंगड्या विणणारी तोमासा साकिक दुभाषी झाली. तिला शपथ घातली, बोलणाऱ्याचा एक शब्द गाळायचा नाही, पदरचा एक घालायचा नाही.

पहिल्याच खटल्यात म्हातारा बाल्तासार त्सोक उभा राहिला. मेंढ्या चोरल्याचा आळ. त्यानं टोपी छातीशी धरली आणि सुरुवात केली, "माझा गुन्हा पोटात घाला, थोरामोठ्यांनो."

आमच्यात चारचौघांपुढं तोंड उघडायचं तर आधी माफी मागायची. पोरगी मागायला गेलेला बापही मागतो. पण न्यायाधीश राजधानीचा, त्याला काय ठाऊक? शपथ होती, तोमासानं ते स्पॅनिशमध्ये जसंच्या तसं सांगून टाकलं. कारकुनानं खडाखड टाईप केलं.

"म्हणजे गुन्हा कबूल," न्यायाधीश म्हणाला. "कोठडीत न्या."

पोलिसानं म्हाताऱ्याचा दंड धरला.

"साहेब, आधी फिर्यादीचंबी ऐका," तोमासा म्हणाली. "मग न्या."

"दुभाषीणबाई वकिली कधी शिकल्या?" कारकून हसला.

"बोलवा त्याला," न्यायाधीश म्हणाला.

बोलून बसल्यावर तोमासाला आठवलं, फिर्यादी कोण ते. फिर्यादी फेर्मिन अहानेल राजधानीत बस चालवून आलेला. अंगात चामड्याचं जाकीट, बाजारात घासाघीससुद्धा स्पॅनिशमध्ये. हा राजधानीच्या रीतीनं, माफी न मागता थेट बोलला की म्हातारा आत जाणार, अन् तिच्या तोंडानं जाणार.

फेर्मिन ऐटीत आला. मागच्या बाकावर त्याचा सासरा आणि गावचे चार म्हातारे बसले होते. त्यांच्याकडं नजर गेली, तशी त्यानं हॅट काढली आणि किचेत म्हणाला, "माझा गुन्हा पोटात घाला, थोरामोठ्यांनो."

तोमासानं अक्षर न गाळता सांगितलं. कारकुनाची बोटं थांबली.

न्यायाधीश चक्रावला. "मग मेंढ्या चोरल्या कुणी? यानं का त्यानं?"

"ते आजून कुणी सांगितलंच न्हाई, साहेब. आत्ता कुठं बोलाया उभी ऱ्हायलीत."

न्यायाधीशानं कबुलीची ती ओळ खोडायला लावली. दुपारपर्यंत सुनावणी चालली, पुरावा काही निघाला नाही. म्हातारा सुटला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मधीच त्यो पोलीस मला कुठं वढत हुता गं?"

"कुठं न्हाई, तात. घरला जावा."

तो गेला. तोमासा तिथंच पायरीवर बसली.