तांबड्या गोळ्यावरचा माणूस

केशरबाईला सिनेमाचा नाद होता. तोही इंग्रजी सिनेमाचा, आणि त्यातही आभाळात यानं उडतात तसल्या सिनेमांचा. गंमत अशी की, त्र्याहत्तर साल उजाडेपर्यंत तिनं आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. इंग्रजी सोडाच, मराठीसुद्धा नाही. तरी तिच्या आवडीनिवडी पक्क्या होत्या आणि त्यांवरून ती कुणाशीही पदर खोचून भांडत असे.

हे खूळ तिला लागलं पाझर तलावाच्या कामावर. राहात्याच्या पुढं, कॅनॉलचं पाणी जिथवर पोचत नाही त्या अंगाला तिचं गाव. दुष्काळात गावच्या गाव सरकारी कामावर आलं. गडी माती वाहायचे, बाया खडी फोडायच्या. हजेरी घ्यायला श्रीरामपूरचा माधव नावाचा कारकून होता. वय पंचविशीचं, अंगात मांस म्हणून नाही, पण हजेरीपट हातात, म्हणून साठीच्या बायासुद्धा त्याला भाऊसाहेब म्हणत. श्रीरामपूरला एका टॉकीजात रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागे आणि माधव तो कधी चुकवत नसे. दुपारी खायची सरकारी सुकडी वाटून झाली की बाभळीखाली बसून तो बायांना सिनेमा सांगायचा, यान सुटल्याचा आवाज तोंडानं काढून.

बाया ऐकत आणि विसरत. केशरबाई मात्र विसरली नाही. तिनं सगळ्या सिनेमांची रांग लावून टाकली होती. बैलाएवढ्या टोळांचा सिनेमा तिनं शेवटी बसवला. "आमच्याकडं टोळांना खायला तरी हाय का काय?" भूक लागू न देणारी गोळी शोधणारा डॉक्टर बाकीच्या बायांचा लाडका, पण केशरबाईला तो डोळ्यांसमोर नको. "भूकच न्हाई तर भाकरीला चव कुठनं यायची? येडा हाय त्यो." मालक मेल्यावर उंबऱ्यात बसून राहिलेला लोखंडाचा गडी मात्र तिला फार प्यारा. तो दोन नंबरचा.

आणि एक नंबरला होता तांबड्या गोळ्यावरचा माणूस.

दोघं जण यानात बसून दूरच्या एका गोळ्यावर जातात. तिथं सगळी तांबडी माती, पाण्याचा टिपूस नाही. यान बिघडतं आणि परतीला एकालाच नेऊ शकेल एवढीच ताकद त्याच्यात उरते. मोठा धाकट्याला बसवून देतो आणि आपण मागं राहतो, घरी बायको वाट बघत असताना. माधवनं ही गोष्ट आठ दिवस पुरवली. आज त्यानं दगड फोडून ओल शोधली, उद्या वावटळ आली, परवा आणखी काही. रोज दुपारी रतनबाई विचारायची, "आला का वो त्यो माघारी?" आणि माधव हजेरीपट मिटून म्हणायचा, "उद्या सांगतो."

रतनबाईचा नवरा सूर्यभान सहा महिन्यांपूर्वी काम शोधायला सुरतेकडं गेला होता. त्याचं ना पत्र, ना निरोप. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. रतनबाई तोंडाची फाटकी. केशरबाईचं नि तिचं दगडाच्या ढिगावरून रोज वाजायचं. पण ती गोष्ट सुरू झाली की हातातली सुकडी तशीच ठेवून ऐकायची.

नवव्या दिवशी माधव आलाच नाही. त्याची बदली भंडारदऱ्याकडच्या कामावर झाल्याचं कळलं. नवा कारकून आला, तो नाव पुकारण्यापलीकडं तोंड उघडेना. बायांनी माधवच्या नावानं बोटं मोडली. रतनबाई मात्र रोज दुपारी बाभळीखाली जाऊन वाटेकडं बघायची. केशरबाईला तेच सोसवेना.

पुढच्या आठवड्यात राहात्याच्या बाजाराला गेली असताना केशरबाईला भिंतीवर कागद चिकटवलेला दिसला. डोक्यावर काचेची हंडी घातलेला माणूस, मागं उभं यान. तिनं लगेच ओळखलं. सिनेमा श्रीरामपूरला पुन्हा लागणार होता; कुणाकडून तरी वार वाचून घेतला आणि रविवारी पहाटेची एसटी धरून ती एकटी तिकडं गेली. टॉकीजातली पोरं लुगडं नेसलेली बाई बघून हसली. "हसा," ती म्हणाली, "पर म्होरं डोकी आडवी घालू नका."

पहिला धक्का बसला तो रंगाचा. तांबडी माती कुठली, सगळंच काळंपांढरं होतं. भाषा तर एक अक्षर कळत नव्हती. पण माणूस तोच होता. माधवनं सांगितलेली वावटळ आली, तेव्हा ती डोळ्यांना पदर लावून बसली. मग तो एका दगडाला टेकला. तिकडं त्याची बायको फाटकाशी उभी. इकडं वाऱ्यानं त्याच्या पावलांचे ठसे एकेक करून बुजले. शेवटी तोही बुजला. दिवे लागले आणि लोक उठले.

केशरबाई बसूनच राहिली. हा शेवट भाऊसाहेबाला माहीत होता. बाकी कुठल्याही सिनेमाचा शेवट त्यानं कधी लांबवला नव्हता. एवढासा पोरगा, आठ दिवस गोष्टीला ठिगळं लावत बसला होता, कारण रोज रतनबाई समोर असायची. केशरबाईला त्याची फार माया आली. आणि मग उद्याची भीती वाटली.

सोमवारी सुकडी हातात घेऊन बाया बाभळीखाली तिच्याभोवती जमल्या. रतनबाई सगळ्यात मागं.

"आला का?" तिनंच विचारलं.

केशरबाईनं घास गिळला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. शिव्या द्यायची होती. "आला," ती म्हणाली. "दुसरं यान गेलं की आनायला. म्या माज्या डोळ्यानं पाह्यलं."

बाया सुटल्यासारख्या हसल्या. रतनबाई हसली नाही. "पुना कवा लागनार हाय?" एवढंच तिनं विचारलं. टॉकीजात आणखी एक रविवार तोच खेळ होता, आणि ते कुणीतरी सांगूनही टाकलं.

तो रविवार केशरबाईनं कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. रतनबाई श्रीरामपूरला गेली होती. आता सोमवारी ती सगळ्यांसमोर वाभाडे काढणार, त्याचं केशरबाईला एवढं नव्हतं. ती शेवट बघून एकटीच एसटीनं परत येत असेल, हे तिच्या मनातून जाईना. आपण खरं सांगितलं असतं तर निदान जवळ बसून रडली तरी असती.

सोमवारी रतनबाई उशिरा आली. डोळे सुजलेले. बायांनी तिला घेरलंच. "काय गं, खरंच आला का त्यो? का केशरआक्कानं थापा मारल्या?"

केशरबाईची हातोडी हवेतच थांबली.

रतनबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं. "आला की," ती म्हणाली. "दाढी वाढलेली हुती. बायकोनं आदी वळखलंच न्हाई. मंग आवाजावरनं वळखलं."

बाया हळहळल्या. सिनेमात असलं काहीच नव्हतं. हातोडी खाली ठेवून केशरबाई म्हणाली, "आन् पाय धुवायला पानी दिलं का न्हाई तिनं? मला नीट दिसलं न्हाई."

"दिलं की, आक्का," रतनबाई म्हणाली. "घंगाळं भरून दिलं."

मग तिनं आपला दगडाचा ढीग ओढून केशरबाईच्या ढिगाला भिडवला आणि दोघी खडी फोडायला बसल्या.