उशीवरचा कान

झोपेत डोक्यातलं शिकलेलं कानावाटे गळून जातं, असं मी एकदा भर वर्गात सांगितलं होतं. थट्टेत नव्हे. फळ्यावर डोक्याचं चित्र काढून, कानापाशी खाली जाणारा बाण दाखवून.

आता हे घरात कुणाला सांगायची सोय नाही. धाकट्या नातीच्या पुस्तकात मेंदूचं रंगीत चित्र आहे आणि ती जेवता जेवता मला त्याचे भाग शिकवते. मी निमूट मान हलवते. पण डोळ्यांपुढे येते ती नेकनूरच्या अलीकडची वस्ती, तिथली दोन खोल्यांची शाळा, आणि त्या शाळेतली एक बाई. कडक इस्त्रीची साडी, ताठ मान, जगातलं सगळं येत असल्यासारखा चेहरा. ती मीच. तिला आता भेटले तर आधी खो खो हसेन, मग तिची वेणी ओढेन.

झालं असं, की बीडला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मेंदू कसा शिकतो हे मुलांना सांगा, म्हणजे ती शिकायला भिणार नाहीत, असा विषय. सकाळी मी कान टवकारून बसले. दुपारी जेवायला पिठलं, भाकरी, ठेचा, वर गार मठ्ठा, आणि नंतर डोक्यावर पंखा. झोप आणि मेंदू हा तास नेमका तेव्हाच होता. तो मी प्रात्यक्षिकासह केला. जाग आली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या.

शाळेत परतल्यावर शिकवणं तर भागच होतं. हुकलेला भाग मी मनानेच भरला. दिवाळी होऊन गेली होती, वस्तीवरची माणसं ऊसतोडीला गेली होती, पोरं आज्यांपाशी. घरी पाढे म्हणून घेणारं कुणी नाही. म्हटलं, थोडा धाक बसू दे.

"उशीवर डोकं टेकलं की शिकलेलं कानातून गळतं. निजताना जो घोकेल, त्याचंच राहील."

"कोणच्या कानातनं, बाई?" मागून एक आवाज.

"जो उशीवर असेल त्यातून."

"अन् उताणं झोपलं तर?"

"तर दोन्हींतून!"

काय हजरजबाबी होते मी!

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला अर्धी शाळा कानांत कापूस कोंबून उभी. वेचणीचे दिवस, घराघरांत पांढरे ढीग, कानापुरता कापूस कोण नाही म्हणणार? मी "विश्राम" म्हणाले, कापूसवालं एकही पोर हललं नाही. मुख्याध्यापक गुरुजी खांबाला धरून हसायला लागले. कारण कळलं तसं मात्र त्यांचं हसू थांबलं.

"मॅडम, उलटं सांगितलंत तुम्ही. शिकलेलं झोपेतच पक्कं होतं, असं सांगत होते ते बीडला. पण तुम्ही माझ्या शेजारी घोरत होतात ना."

पोरं ऐकत होती. कापूस निघाला, हशा झाला, आणि गोष्ट तिथंच संपली असं मला वाटलं.

संध्याकाळी एक म्हातारी शेळ्या घेऊनच शाळेच्या दारात आली. तिसरीतल्या एका मुलीची आजी.

"बाई, काय भरवून दिलंय पोरीला? डोळ्याला डोळा लावीना. भिताडाला टेकून बसती, डुलकी आली की सोताला चिमटं काढती."

मुलगी आजीच्या मागे उभी होती, डोळे तांबारलेले. मी खाली बसून विचारलं, "पाढे जातील म्हणून जागतेस का गं?"

"पाढे जाऊंद्या," ती म्हणाली. "आईचं तोंड जाईल."

दर वर्षी ती आईबापांबरोबर उसाच्या फडावर जायची. या वर्षी प्रथमच मागे राहिली होती. "हिला इथंच ठेवा, शिकू द्या," असा हट्ट तिच्या आईपाशी मीच धरला होता.

मी म्हटलं, "ते चुकीचं सांगितलं मी. झोपेत काही गळत नाही."

"तुमाला काय म्हाईत? गुरुजी म्हनले तुमी तवा झोपलता."

पोरीचं बरोबरच होतं. झोपले तर होतेच मी!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी तिला व्हरांड्यात बसवून घेतलं. बाकीची पोरं गुरुजींकडे. आमच्यापुढे सागरगोट्यांचे खडे. वर उडवून उपड्या हातावर झेलायचे, तेवढंच तिला जमत नव्हतं. पुन्हा पुन्हा सांडले. मग मी म्हटलं, "टेक डोकं माझ्या मांडीवर. खडे आता आत गेलेत, आतल्या आत जमू दे त्यांना."

ती टेकेना. शेवटी अट घातली. "तुमी कानाकडं बघत ऱ्हावा. काय गळाया लागलं तर उठवा मला."

"बघते."

ऊन उतरत होतं. कडुलिंबाची सावली फरशीवरून आमच्याकडे सरकत होती, दूर रस्त्यावर एखादी गाडी जायची आणि तिचा आवाज पाण्यात खडा बुडावा तसा बुडायचा. मी हळू आवाजात सांगत होते. गुरुजींना विचारून घेतलेलं काही, काही माझं, पण आता खोटं काहीच नाही. दिवसभर डोक्यात नुसता ढीग पडतो, म्हटलं, अंगणात शेंगांचा पडतो तसा. तू निजलीस की निवडणं सुरू होतं. आणि आई काही एका जागी ठेवलेली नसते गं. तोंड एकीकडे, हाक दुसरीकडे, पदराचा वास तिसरीकडे, सगळं एका दोऱ्यात ओवलेलं. एक ओढलं की बाकीचं येतं.

"वास कसला?" मी विचारलं.

"चुलीचा," ती पुटपुटली. "अन् पाल्याचा."

मग तिचा श्वास लांबला.

मी कानाकडे बघत राहिले. नुकतंच टोचलेलं भोक, त्यात लिंबाची बारीक काडी, पाळीवर धुळीचा एक कण. माझ्याही पापण्या जड होत होत्या, पण शब्द दिला होता. आतून वर्गातला पाढ्यांचा सूर यायचा, विरायचा, पुन्हा यायचा. एकदा तिची बोटं माझ्या साडीवर हलली, काही झेलावं तशी. सावली आमच्यावरून पुढे निघून गेली. इतका वेळ पूर्ण जागी मी कुठल्याच तासाला राहिले नव्हते.

ती उठली तेव्हा शाळा सुटत आली होती. खड्यांकडे तिने पाहिलंही नाही. गालावर माझ्या निऱ्यांचे वळ उमटले होते. मला मात्र धास्ती, आता रडते की काय.

"काय गं, काही गेलं का?"

तिने डोळे चोळले, माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं आणि म्हणाली, "आई आलती, बाई. केस कावून इंचरले न्हाईत म्हनून लई बोलली मला. तुमाला बी बोलली."