काळी फीत

पापडीच्या एका शाळेच्या मैदानावर आपत्ती पथकांच्या स्पर्धा होणार होत्या. जखमी म्हणून पडून राहायला माणसं हवीत, असा कागद आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लागला, तेव्हा मी सर्वांत आधी नाव दिलं. सेक्रेटरींना नवल वाटलं. नवरा गेल्यापासून मी कुठल्याच कार्यक्रमाला गेले नव्हते. वेळ जाईल, असं मी त्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी पावसात सोसायटीची कुंपणभिंत पडली आणि तिच्याखाली माझ्या नवऱ्यासह तिघं सापडली. रुग्णवाहिकेच्या आधी भुईगावचं स्वयंसेवकांचं पथक पोचलं. मी तेव्हा शाळेत तास घेत होते. हॉस्पिटलमधून नवऱ्याचे कपडे आणि घड्याळ परत मिळालं, त्यात एक काळी फीत होती. ती कशाची, हे मला महिनाभर कळलं नाही. मग वाचनालयातून एक पुस्तिका आणली. जखमी जास्त आणि हात कमी असले, की मनगटाला फिती बांधत जातात. लाल म्हणजे याला आधी उचला. पिवळी म्हणजे हा थोडा थांबू शकतो. हिरवी म्हणजे हा चालू शकतो. काळी म्हणजे श्वास नाही, पुढच्याकडे जा. हे ठरवायला काही सेकंद पुरतात, असंही त्यात होतं. माझ्या नवऱ्याला तेवढे तरी मिळाले का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

फीत बांधणारा होता पथकाचा प्रमुख. भुईगावला त्याची केळीची वाडी आहे. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. त्या पावसाळ्यानंतर दर नाताळला तो सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, डबा पाठवू लागला. शेजारीण म्हणाली, देवमाणूस आहे. मला वाटे, मनात काही नसेल तर कोण कशाला डबा पाठवील? बाजारात मी दिसले की तो खाली मान घालून वांगी निवडायला लागे. घरी चौघांपुरती लागतील त्याहून बरीच जास्त वांगी मी त्याला निवडताना पाहिली आहेत.

स्पर्धेत प्रत्येक जखमीला त्याची दुखापत लिहिलेलं कार्ड मिळणार होतं. सगळ्यांना मोडलेला पाय हवा होता, कारण त्यात ओरडायला मिळतं. मी श्वास नसलेल्याचं कार्ड मागून घेतलं. रंग लावणारी मुलगी म्हणाली, "काकू, रक्त कुठे लावू?"

"नको. माझं आतल्या आत आहे."

आधी फुलपाड्याचं पथक आलं. त्यांच्यातली एकजण माझ्यावर वाकली, कार्ड वाचलं, हनुवटी वर केली, गालाजवळ कान आणला, काळी फीत बांधली. "सॉरी हां काकू," म्हणाली आणि गेली. मी मनात चारपर्यंत मोजलं होतं.

मग भुईगाव. फुलपाड्याची पोरं दोरीपलीकडून ओरडत होती, "अंकल, आरामात, केळी पिकायचीत अजून!"

तो माझ्याजवळ येऊन थबकला, हे मला डोळे मिटूनही कळलं. त्यानं कार्ड उचललं, ठेवलं. हनुवटी वर केली. कान जवळ आणला तो हलवेचना. त्याच्या पथकातला एकजण म्हणाला, "दादा, मेलेलं आहे ते, काळी बांध नि चल." त्यानं हनुवटी पुन्हा वर केली, पुन्हा कान लावला. मग माझ्या मनगटाला फीत बांधून त्यानं स्ट्रेचर मागवला.

फीत लाल होती.

परीक्षक धावत आले. "कार्ड वाचलं नाही का?"

"वाचलं."

"मग?"

"श्वास चालू आहे यांचा."

"अहो, तो चालू असणारच. कार्डावर 'श्वास नाही' असं लिहिलंय ना."

"असू दे लिहिलेलं. मला ऐकू येतोय."

लोक हसले. भुईगावचे गुण कापले गेले आणि बक्षीस फुलपाड्याला गेलं. मला मात्र राग आला. हे माझ्यासाठी केलेलं नाटक असेल, असं वाटलं. सुकेळ्यांचं मोठं भावंड.

पथकं चहा पीत होती, तेव्हा मी त्याच्यासमोर उभी राहिले. या वेळी जवळपास वांगी नव्हती.

"त्या दिवशीही असा कान लावला होतात?"

"लावला, टीचर. पण शेजारच्या शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. काही ऐकू आलं नाही."

"मग कसं ठरवलंत?"

"गळ्याला बोटं लावली. दोनदा."

"दोनदाच?"

"तीनदा म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण दोनदाच. तिकडे भिंतीखाली एक बाई ओरडत होती."

"तुमची घाई झाली का?"

"तेच मी स्वतःला विचारतो," तो म्हणाला. "तुम्ही दिसलात की जास्तच."

त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा असं काही मला त्याच्या चेहऱ्यात सापडलं नाही, ठेवू नये असंही नाही. मी पदर बाजूला केला आणि म्हटलं, "दाखवा."

त्यानं कप खाली ठेवला, बोटं सदऱ्याला पुसली आणि माझ्या गळ्याला, जबड्याच्या खाली, लावली. मग सावकाश मोठ्यानं मोजू लागला. दहा झाल्यावर बोटं काढली.

"एवढंच?"

"हे एकदा," तो म्हणाला, आणि पुन्हा बोटं लावून त्यानं एकपासून सुरुवात केली.