अण्णांची आठवी रिंग

अंतराळ संग्रहालयाला कसं जायचं हे शोधत कुणी इथं आलं असेल, तर आधीच सांगते, मी अजून तिथं पोचलेले नाही. ते केरळात आहे, तिरुवनंतपुरमजवळ, समुद्रकाठी. मिरजेहून केरळकडं गाडी मिळते, पण रोज नाही. ओळखपत्र जवळ ठेवा आणि उघडं कधी असतं ते फोन करून विचारा. एवढी माहिती जमवून मी चार महिने बसले होते. अडलं होतं ते माझ्या वडिलांपाशी, आणि त्यासाठी आधी सातारा ते कवठे महांकाळ असा एसटीचा प्रवास करावा लागला.

अण्णा टर्नर होते. लेथवर लोखंड कातून ते मापात आणायचं, हे त्यांचं काम. कुंडलजवळच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. त्यात एक वर्ष रॉकेटच्या रिंगा आल्या. रॉकेट कुठलं, ते कुणी सांगितलं नाही, हातात फक्त ड्रॉइंग. मग एक रिंग बिघडली आणि अण्णांना परत पंपांच्या कामावर लावलं. तेव्हापासून पेपरात रॉकेटचा फोटो आला की ते तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात. संग्रहालयाचं नाव काढलं की मात्र एकच वाक्य, "माजं काय हाय तिथं?"

शनिवारी सकाळी साताऱ्याहून निघाले. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं खिडकी मिळाली तर चैनच म्हणायची. कराडच्या स्टँडवर वडापाव खाल्ला आणि तासगाव गाडी पकडली. शेणोलीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अशी काही रांगायला लागली की शेजारच्या मावशींनी माझी सगळी चौकशी उरकली.

"कुंडलला कोण हाय?"

"माहेर."

"आवं मग डबा कशाला बांधून घेतलासा? आई काय उपाशी धाडती व्हय?"

आईनं खरंच जेवायला घालून घालून बेजार केलं. जेवणं झाल्यावर मी विषय काढला.

"अण्णा, तिकिटं काढू का?"

"तुमी मायलेकी जावा. मी आठ रिंगा केल्त्या. आठवी शौकतनं लाल केली आन् मला त्या कामावरनं काढलं. बाकीच्याबी भंगारात गेल्या असतील."

शौकतचाचा म्हणजे त्याच वर्कशॉपमधले तपासणीवाले. जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, मापात असेल तर शिक्का, नसेल तर नापास म्हणून लाल रंग. दोघांचा डबा रोज एकत्र असायचा. त्या आठव्या रिंगेनंतर अण्णांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते टाकलंच.

"त्यांना विचारू या की, किती पास झाल्या ते. उद्या जाऊन येऊ."

"मी न्हाई येनार. आधी गार हू दे."

हे अण्णांचं ठेवणीतलं वाक्य. कातताना लोखंड तापतं, तापलं की फुगतं. गरम जॉबचं माप घेतलं तर ते फसवतं, म्हणून गार होईपर्यंत थांबायचं. आम्ही भावंडं भांडलो तरी हेच सांगायचे, आधी गार व्हा, मग मोजू कुणाचं किती चुकलं.

"तीस वर्षं झाली अण्णा," मी म्हटलं. ते उठून अंगणात गेले.

रविवारी मी एकटीच निघाले. तासगावला गाडी बदलली. मणेराजुरीच्या बाजूला द्राक्षांचा हंगाम जोरात होता, रस्त्याकडेच्या पाटीवाल्याकडून चाचांसाठी दोन किलो घेतली. (घ्याच. शहरातल्यापेक्षा स्वस्त आणि निम्मी गाडीतच संपतात.) पुढं हळूहळू हिरवं विरळ होत गेलं आणि कवठे महांकाळ आलं. स्टँडमागं चाचांच्या मुलाचं चपलांचं दुकान आहे, त्याला लागून घर.

"सदाची पोरगी व्हय तू?" चाचांनी चष्मा वर केला. "बस. चा ठेव गं," त्यांनी सुनेला आत हाक मारली.

मी सरळ विचारलं. चाचा म्हणाले, "सातीच्या साती माज्या शिक्क्यानं गेल्या. एकबी भंगारात न्हाई."

मला इतका आनंद झाला की कप खालीच ठेवला. "म्हणजे संग्रहालयात असतील?"

"येडी का काय! त्या गेल्या वर. जळल्या, समुद्रात पडल्या. परत येतंय व्हय रॉकेट? तिथं असतंय मॉडेल. आन् मॉडेलात पास झालेला माल कोण घालतंय? प्रदर्शनाला म्हणून रिजेक्ट माल मागून नेलता रॉकेटवाल्यांनी. त्यात तुज्या बापाची आठवी हुती. मीच बांधून दिली. आता हाय का न्हाई, अल्ला जाणे."

मग म्हणाले, "सदा कवाच गरम जॉबवर माप घ्यायचा न्हाई. त्या दिशीच घेतलं. सारखा घड्याळाकडं बघत हुता. पोरीचं गॅदरिंग हाय म्हणला. सकाळी जॉब गार झाला आन् माप कमी भरलं. लोखंड एकदा कातलं की परत चिकटत न्हाई, बाळ. काय करनार मी? लाल करताना मलाबी बरं वाटलं न्हाई, सांग त्याला."

मी सहावीत होते. शेवटच्या रांगेत नाचत होते. अण्णा मागं उभे होते, हात ऑइलनं काळे, आणि कपडे न बदलता आले म्हणून मी घरी येऊन दोन दिवस फुगून बसले होते. चाचांसमोरच मला रडू आलं.

संध्याकाळी कुंडलला येऊन अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाट उघडलं आणि फोटोंकडं बघत राहिले.

"म्हंजे चुकलेलीच तेवढी राह्यली."

"गॅदरिंगचं कधी बोलला का नाहीत?"

"तुला काय सांगायचं? तू नाचत हुतीस."

सोमवारी पहाटेच्या गाडीनं साताऱ्याला परतले. बॅगेत आईचे डबे होते, पण मन कपाटाच्या त्या दारापाशीच राहिलं. आता संग्रहालयाला जायची ओढ अण्णांपेक्षा मलाच जास्त लागलीय. रिंग मॉडेलच्या पोटात असणार, बाहेरून दिसायची नाही. असेल की नाही, तेही ठाऊक नाही. तरी अण्णांच्या शेजारी तिथं एकदा उभं राहायचंय.

दुपारी ऑफिसात फोन आला. "गाडी कवाची हाय? शौकतचंबी तिकीट काढ. माप त्यालाच घ्यावं लागंल."

"अण्णा, तिथं हात लावू देणार नाहीत."

"न्हाई तर न्हाई," ते म्हणाले. "पर आता गार झाली असंल गं ती."